दमा : समज, गैरसमज आणि आपले कर्तव्य

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. या व्यासपीठावरून शिक्षण, काटकसर, संघटना या विषयांवर आपण पुष्कळ उत्तम भाषणे ऐकली आहेत. आम्ही मात्र आज दम्याविषयी बोलणार आहो. काहींस याचे आश्चर्य वाटेल. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले, एवढीच आमची पुंजी. परंतु जाणत्याकडून ऐकावे, पडताळून पाहावे आणि सोपे करून सांगावे, हा शिक्षकाचा धर्मच आहे. शिवाय या विषयात आमच्या हातून एक अपराध घडला आहे. तो आपल्यापुढे सांगितल्याखेरीज पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

गोष्ट २००९ सालची. आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीचा विवाह पाटण तालुक्यातील एका सुस्थळी ठरला. मुलगी गुणी, कामसू. परंतु लहानपणापासून तिला दमा. डॉक्टरांनी तिला ओढण्याचा पंप दिलेला होता आणि त्यावर तिचे बरे चालले होते. लग्नाच्या बोलण्यांत ही गोष्ट सांगावी की नाही, असा प्रश्न निघाला, तेव्हा घरातील वडीलधारे म्हणून सर्वांनी आमच्या तोंडाकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "कशाला सांगावयाचे? लग्न झाल्यावर हवापालट होईल, सर्व ठीक होईल. पंप येथेच राहू दे." मुलीने एकदाच विचारले, "काका, रात्री लागला तर?" आम्ही उत्तर दिले, "गोळी ठेव जवळ." आणि ती बिचारी थोरल्या काकांचा शब्द म्हणून पंप माहेरच्या फडताळात ठेवून सासरी गेली.

आषाढात त्या खोऱ्यात धुके आणि पाऊस यांचे राज्य असते. सरपण ओले, चूल धुमसते, घरभर धूर. एका मध्यरात्री तिचा श्वास कोंडला. गोळी घेतली, उतार पडेना. बोलता येईना, ओठ निळसर झाले. त्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात सुरू झालेली नव्हती. ती २०१४ साली सुरू झाली. शेजाऱ्यांच्या जीपमधून तिला कराडला नेले. तेथे प्राणवायू व औषधाची वाफ मिळाली आणि पहाटे ती शुद्धीवर आली. आम्ही सकाळी पोचलो, तेव्हा तिच्या सासूबाई दाराशी बसलेल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, पोरीला दमा हाय हे सांगितलं असतं, तर आम्ही काय तिला परत धाडली असती का? माझ्या सख्ख्या भावाला हाच आजार हाय. पंप घरात असता तर ही रात्र आली नसती."

बंधुभगिनींनो, अडतीस वर्षे आम्ही मुलांना खरे बोलावे म्हणून शिकविले. त्या दिवशी एका अशिक्षित माउलीने तोच धडा आम्हांस शिकविला. त्यानंतर आम्ही आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे जाऊन विद्यार्थ्याप्रमाणे बसलो आणि हा आजार समजावून घेतला. त्यांनी जे शिकविले आणि पुढे आम्ही जे वाचीत व विचारीत गेलो, ते आता आपल्यापुढे मांडतो.

प्रथम दमा म्हणजे काय ते पाहू. आपली फुप्फुसे म्हणजे उलटे धरलेले झाड असे समजावे. श्वासनलिका हे त्याचे खोड. त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. दमेकऱ्याच्या या डहाळ्यांचे आतील अस्तर सुजलेले व हळवे असते. धूळ, धूर, पराग, थंडी, सर्दी-पडसे यांपैकी काही निमित्त झाले, की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तर अधिक सुजते आणि चिकट कफ सुटतो. वाट तिन्ही बाजूंनी अरुंद होते. आत घेतलेला वारा बाहेर पडावयास अडतो आणि छातीत शिट्टी वाजते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. झटका ओसरला म्हणजे सूज गेली असे नव्हे. ती राखेखालच्या विस्तवाप्रमाणे आत धुमसत राहते. दम्याच्या उपचारातील निम्म्या चुका या एका अज्ञानातून होतात.

हा आजार नवा नाही. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. ढगाळ हवेत व थंडीत तो वाढतो, आणि रोग्यास निजण्यापेक्षा बसल्याने बरे वाटते, हे निरीक्षण त्या प्राचीन वैद्यांनी करून ठेवले आहे. जगात हा आजार किती पसरला आहे, हेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी साडेचार लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. आपल्या देशात त्याच वर्षी दमेकऱ्यांची संख्या साडेतीन कोटींच्या घरात होती. म्हणजे या मंडपात बसलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या घरी हा पाहुणा असणारच. आपण तो लपवितो, एवढेच.

आता औषधांकडे वळू. दम्याची ओढण्याची औषधे मुख्यतः दोन जातींची आहेत. पहिले तात्काळ आराम देणारे, उदाहरणार्थ, साल्ब्युटामॉल. ते आवळलेले स्नायू सैल करते, काही मिनिटांत श्वास मोकळा होतो, आणि चार-सहा तासांत त्याचा अंमल उतरतो. दुसरे सूज आटोक्यात ठेवणारे. उदाहरणार्थ, बेक्लोमेथासोन किंवा बुडेसोनाइड. ते ओढताच काही जाणवत नाही. परंतु दिवसांमागून दिवस नेमाने घेतले म्हणजे राखेखालचा विस्तव विझत जातो. आपले लोक करतात काय? ज्याने लगेच बरे वाटते ते औषध प्रेमाने जवळ बाळगतात, आणि ज्याने रोग आवरतो ते "काही उपयोग नाही" म्हणून पंधरा दिवसांत सोडून देतात. ज्वाळेवर पाणी शिंपडावे आणि निखारे तसेच ठेवावे, असा हा प्रकार होय.

या बाबतीत २०१९ साली मोठा बदल झाला. दम्याच्या उपचारांविषयी मार्गदर्शन करणारी 'जिना' या नावाची आंतरराष्ट्रीय संस्था १९९३ सालापासून काम करीत आहे. तिने २०१९ साली असे सांगितले, की मोठ्या माणसांना व वयात येणाऱ्या मुलामुलींना केवळ साल्ब्युटामॉलच्या पंपावर ठेवू नये. सौम्य दमा असला तरीही सूज कमी करणारे औषध त्यांच्या पोटात, म्हणजे खरे तर छातीत, गेलेच पाहिजे. त्यासाठी बुडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल ही दोन्ही औषधे एकत्र असलेला पंप पुष्कळांस सोयीचा पडतो. कारण आराम आणि उपचार एकाच दाबात मिळतात. आपणांस कोणता योग्य, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे, परंतु "माझ्या पंपात सूज कमी करणारे औषध आहे काय?" हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक रोग्यास आहे. पंपाच्या रंगावर विसंबू नये. नाव वाचून घ्यावे.

"पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आम्ही ते स्वतः उच्चारलेही आहे. आता थोडे गणित करू. साल्ब्युटामॉलची एक गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध शंभर मायक्रोग्रॅम असते. दोन दाब घेतले तरी दोनशे. म्हणजे एका गोळीत दोन दाबांच्या वीसपट औषध! गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून साऱ्या शरीरात फिरते. म्हणूनच हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध जेथे हवे तेथेच थेट पोचते, थोडे लागते आणि लवकर लागू पडते. मग भारी कोण, पंप की गोळी? चौथीतील मुलगाही हे उत्तर देईल. आणि सवयीचे म्हणाल, तर डोळ्यांना चष्मा लागतो म्हणून त्यास आपण व्यसन म्हणत नाही.

'स्टिरॉइड' या शब्दाची भीतीही अशीच आहे. महिनोन्महिने पोटात घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचे दुष्परिणाम खरे आहेत. त्या डॉक्टरांच्या आज्ञेवाचून कधीही घेऊ नयेत. पण ओढून घेण्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. तिने कधी आवाज बसतो, तोंडात पांढरे चट्टे येतात. औषध ओढल्यावर चूळ भरून गुळण्या केल्या म्हणजे हे बहुतांशी टळते. लहान मुलांत उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरल्याचे अभ्यासांत आढळले आहे. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्या मुलाच्या जागून काढलेल्या रात्री, बुडालेली शाळा आणि जिवाचा धोका आहे, हे पालकांनी विसरू नये.

या पंपाचा इतिहासही मनोरंजक आहे. पूर्वी औषधाचा फवारा रबरी फुगा दाबून काचेच्या उपकरणातून घ्यावा लागे. अमेरिकेतील एका औषध कंपनीचे प्रमुख डॉ. जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारले, की केसांच्या फवाऱ्यासारख्या डबीत हे औषध का भरता येऊ नये? त्या प्रश्नातून १९५६ साली मोजक्या मात्रेचा पंप बाजारात आला. मुलांचे प्रश्न उडवून लावू नयेत, हा धडा शिक्षकांनी यातून घ्यावा. आम्हीही तो उशिरा घेतला. कवायतीच्या तासाला धापा टाकणाऱ्या एका विद्यार्थ्यास "सोंग करतोस" म्हणून आम्ही दरडावले होते. आज त्याची आठवण झाली की मान खाली जाते.

पंप उत्तम असला तरी तो घेण्याची रीत चुकली, तर औषध जिभेवर आणि घशातच राहते. रीत अशी : डबी चांगली हलवावी. ताठ बसून श्वास पूर्ण बाहेर सोडावा. तोंडाचा भाग ओठांत घट्ट धरावा. श्वास हळू आत घेण्यास आरंभ करताच एकदा दाबावे आणि सावकाश, खोल श्वास घ्यावा. मग दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा. दुसरा दाब हवा असेल, तर अर्धा ते एक मिनिट थांबावे. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ मुलांना व वृद्धांना साधत नाही. त्यांच्यासाठी 'स्पेसर' नावाचे पोकळ नळकांडे मिळते. औषध प्रथम त्यात सुटते आणि रोगी ते सावकाश ओढतो. स्पेसर सर्वांनाच हितकर आहे. पुडीतील भुकटीचा पंप असेल, तर मात्र श्वास जोराने ओढावयाचा असतो. दोहोंचा घोटाळा करू नये. डबीत मात्रा किती, याचाही हिशेब ठेवावा. दोनशे मात्रांची डबी रोज चार दाबांनी पन्नास दिवसांत संपते. पुढे बाहेर येतो तो केवळ वारा.

आता डॉक्टरांकडे जाण्याविषयी. दमा हा मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयातच आवरता येतो, अशी समजूत आहे. ती खरी नाही. बहुसंख्य दमेकऱ्यांची काळजी गावचा डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र उत्तम घेऊ शकते. अट एवढीच, की रोग्याने केवळ झटका आला म्हणजेच जाऊ नये, बरे असतानाही नेमाने जावे. उपचार सुरू झाल्यावर एक ते तीन महिन्यांत, आणि मोठा झटका येऊन गेल्यास आठवड्याच्या आत, पुन्हा दाखवावे. जाताना पंप बरोबर न्यावा आणि डॉक्टरांसमोर ओढून दाखवावा. जाण्यापूर्वी मागील चार आठवड्यांविषयी स्वतःस चार प्रश्न विचारावेत. दिवसा धाप किंवा घरघर आठवड्यातून दोनदांपेक्षा अधिक झाली काय? दम्यामुळे रात्री जाग आली काय? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदांपेक्षा अधिक लागला काय? दम्यामुळे एखादे काम सोडावे लागले काय? एकाही प्रश्नाचे उत्तर 'होय' आले, तर दमा पुरता आटोक्यात नाही असे समजावे आणि तसे डॉक्टरांस सांगावे.

फुंकरीचा जोर मोजणारे 'पीक फ्लो मीटर' नावाचे एक साधे उपकरण असते. ताप मोजावयास जशी नळी, तसे दम्यास हे. रोज सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा वहीत लिहिला, तर झटका येण्याच्या आधीच आकडा घसरू लागलेला दिसतो. मात्र प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. विडी-सिगारेट किंवा चुलीचा धूर यांनी झालेला फुप्फुसांचा जुना विकार, हृदयाचा विकार, रक्त कमी असणे यांनीही धाप लागते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर क्षयाची तपासणी केलीच पाहिजे. सांधेदुखीची काही औषधे आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या दमेकऱ्यास बाधतात; यास्तव कोणत्याही आजारासाठी जाताना आपणांस दमा आहे हे आधी सांगावे.

घरात काय करावे? प्रथम धूर काढावा. घरात विडी-सिगारेट ओढणारा माणूस हा त्या घरातील दमेकरी बालकाचा नकळत वैरी होतो. चूल असल्यास धुराडे हवे. गॅस घरात असूनही केवळ पाणी तापविण्यासाठी आत चूल पेटविण्याची चाल सोडावी. डास पळविणारी कांडी, उदबत्ती आणि धूप दमेकऱ्याच्या खोलीत लावू नयेत. देवास निरांजन पुरते. मिरच्या भाजणे, मसाला कांडणे, धान्य उफणणे, गाद्यांचा कापूस पिंजणे ही कामे त्याच्यावर टाकू नयेत. पांघरुणे कडक उन्हात घालावीत. माळावरील गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटावे. आणि एक न विसरता सांगतो : दमेकरी मुलाला खेळ बंद करू नका. दमा आटोक्यात असला म्हणजे तो इतरांसारखा धावू शकतो.

झटका आला तर? रोग्यास निजवू नये, ताठ बसवावे, भोवतालची गर्दी हटवावी. ऑस्ट्रेलियात लोकांना चाराचा एक सोपा नियम शिकवितात : साल्ब्युटामॉलचे चार दाब, एकेक करून स्पेसरमधून, दर दाबास चार श्वास, मग चार मिनिटे थांबावे. उतार नसेल, तर १०८ ला दूरध्वनी करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हाच क्रम पुन्हा चालू ठेवावा. एक वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, लहान मुलाच्या बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असेल किंवा रोगी सुस्तावत असेल, तर चार मिनिटेही वाट पाहू नये. दाब देत देतच वाहन बोलवावे. छातीतील शिट्टी एकाएकी थांबली आणि रोगी मात्र घाबराच असेल, तर ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे. वारा आत जाणेच थांबत आले, असे समजावे.

कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घेणारे आणि मृगाच्या प्रारंभी हैदराबादेस माशाचे औषध गिळावयास जाणारे आपल्यातही आहेत. त्यांच्या श्रद्धेची आम्ही थट्टा करणार नाही. प्राणायामाने पुष्कळांस बरे वाटते, हेही खरे. आमची विनंती एवढीच, की या कशासाठीही नेमाचा पंप बंद करू नका. बरे वाटू लागताच औषध सोडणे आणि मग प्रवासात किंवा कार्यात झटका येणे, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. मात्रा कमी करावयाची तर ती डॉक्टरांनीच पायरीपायरीने करावी.

आता शेवटचे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. आपली संस्था वधूवरसूचक कार्य करते, विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालविते. या दोन्ही ठिकाणी दमा लपविला जातो. मुलगी पंप पदराआड ओढते. मुलगा वसतिगृहात हसतील म्हणून ओढीतच नाही. दमा संसर्गाने होत नाही, त्याने बुद्धी मंदावत नाही, तो आटोक्यात ठेवून बाळंतपण सुखरूप होते. किंबहुना गरोदरपणात पंप बंद करण्यानेच आई व बाळ दोघांस धोका पोचतो. घराण्यात दमा असल्यास मुलांत त्याचा संभव थोडा वाढतो, हे खरे. पण मधुमेहाची गोष्ट यापेक्षा काय वेगळी आहे? आणि त्यासाठी आपण कोणाची सोयरीक मोडतो?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. एक, वसतिगृहात आराम देणारा पंप व स्पेसर कायम हाताशी असावा, आणि तो कसा द्यावा हे अधीक्षकांना डॉक्टरांकडून शिकवून घ्यावे. दोन, दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो; त्या दिवशी आपल्यातील डॉक्टर मंडळींनी एक तास सभासदांचे पंप ओढणे तपासावे. तीन, वधूवरांच्या दोन्ही पक्षांनी प्रकृतीविषयी मोकळेपणाने सांगावे व ऐकावे, आणि दम्याच्या कारणावरून कोणी स्थळ नाकारू नये, असा ठराव व्हावा. यांस मोठा निधी लागत नाही. मनाचा थोडा मोठेपणा मात्र लागतो.

आमची पुतणी आज दोन मुलांची आई आहे. स्वयंपाकघरात गॅस आला. तिचा पंप आता देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, सर्वांना दिसेल असा ठेवलेला असतो. सासूबाई रोज सकाळी तिला विचारतात, "ओढलास का?" आम्ही गेलो की त्या आम्हांसही हसून विचारतात, "गुरुजी, आता काही लपवून तर ठेवलं नाही ना?" त्या प्रश्नाने आम्ही आजही खजील होतो, परंतु तो विचारावयास त्या आहेत आणि ऐकावयास आमची मुलगी आहे, याबद्दल परमेश्वराचे आभार मानतो.

घरी गेल्यावर एकच करा : कोणाचा पंप फडताळात बंद असेल, तर तो बाहेर काढून उजेडात ठेवा. इत्यलम्.